कायरोप्रॅक्टरकडे पहिल्यांदा जाताना: 'कडक्' आवाजाच्या आधी काय व्हायला हवं

प्रश्न हुपरीहून आलाय. विचारणाऱ्यांचं वय ३८, दिवसभर खाली मांडी घालून चांदीच्या पैंजणांचं जोडकाम. तीन महिने कंबर दुखतेय, उजव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते. एमआरआय झालाय आणि त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुगल्याचं लिहिलंय. मान-कंबर कडाकडा मोडून घेऊन लोक हसत उठतात असे व्हिडिओ मोबाइलवर बघून कोल्हापुरात एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणक्यांना हातानं झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे, नंबर लावावा असं त्यांच्या मनात आहे. मामा म्हणतात तालमीतल्या वस्तादांना दाखव. घरातून आग्रह असा की डॉक्टर ऑपरेशन सांगतील, कुठंच जाऊ नको. विचारलंय ते हे: जावं का, गेल्यावर नेमकं काय करतात, दुखतं का, किती वेळा जावं लागतं, आणि त्याच फेरीत ६८ वर्षांच्या आईची मानही दाखवून घ्यावी का.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हातानं मणक्यांवर उपचार करणं, ज्यात तो आवाज येणारा झटकाही आला, हे माझं रोजचं काम. मी कायरोप्रॅक्टर नाही, पण त्यांचे पेशंट माझ्याकडे येतात आणि काही वेळा मीही माझे त्यांच्याकडे पाठवते. त्यामुळं मला त्यांची वकिलीही करायची नाही आणि त्यांच्यावर खारही खायचा नाही.

जायला हरकत नाही. पण त्याआधी मला एक सांगा, तुमच्या उजव्या पायाच्या अंगठ्यातली ताकद कुणी हातानं तपासलीय का? तुम्ही एमआरआयचा अहवाल ओळ न ओळ लिहून पाठवलाय, पाय तपासल्याचा मात्र कुठं उल्लेख नाही. त्या जागेची गादी फुगली की बहुतेक वेळा ज्या नसेवर ताण येतो ती अंगठा आणि चवडा वर उचलण्याचं काम करते. घरात दहा पावलं नुसत्या टाचांवर चालून बघा. उजवा चवडा खाली पडतोय का? चालताना उजव्या पायातली चप्पल निसटतेय का? आमच्याकडे येणारी माणसं "पायात ताकद कमी झालीय" असं सांगत नाहीत, "चप्पल राहत नाही मॅडम पायात" असं सांगतात. तसं काही असेल आणि ते दिवसागणिक वाढत असेल, तर कायरोप्रॅक्टर, मी आणि वस्ताद, तिघांनाही बाजूला ठेवून आधी अस्थिरोग किंवा मणक्यांच्या सर्जनना दाखवा. नुसती कळ असेल आणि ताकद शाबूत असेल, तर पुढचं वाचा.

कायरोप्रॅक्टिकचा जन्म अमेरिकेतला. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ लोहचुंबकानं उपचार करायचे. सप्टेंबर १८९५ मध्ये त्यांनी त्याच इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांच्या पाठीतला एक मणका दाबून 'बसवला' आणि लिलार्ड यांना पुन्हा ऐकू येऊ लागलं, अशी या शास्त्राची जन्मकथा सांगितली जाते. कानाची नस पाठीतून जात नाही, हे शरीररचना शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण पामर यांनी त्यावरून मोठा सिद्धांत उभारला: मणका जागचा हलला की नसेतला प्रवाह अडतो आणि शंभरातले पंचाण्णव आजार त्यातूनच होतात. या हललेल्या मणक्याला ते 'सबलक्सेशन' म्हणत.

हा इतिहास सांगायचं कारण, त्या सिद्धांताचे दोन वारस आज तुम्हाला भेटू शकतात. एक कंबर, मान, सांधे यांच्या दुखण्यापुरतं काम करणारा, तपासून हात लावणारा आणि व्यायाम शिकवणारा. दुसरा अजूनही पामर यांच्या पंचाण्णव टक्क्यांवर चालणारा: मणके 'लाइन'मध्ये आणले की शुगर, दमा, पोटाच्या तक्रारी सगळं जाईल म्हणणारा. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या त्यांच्याच परिषदेनं २०१० मध्ये सांगून टाकलं की सबलक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि त्यातून आजार होतात याला संशोधनाचा आधार नाही. त्यामुळं कुणी शुगर किंवा बीपी कमी करून देतो म्हणाला, तर त्याला कंबरही दाखवू नका.

आता त्या आवाजाबद्दल, कारण सगळी मोहिनी त्याचीच आहे. दर आठवड्याला कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, ते मशीन-बिशीन ऱ्हाऊ दे, एकदा कडक् करून टाका की." लोकांना वाटतं, सरकलेला मणका जागेवर बसला त्याचा तो आवाज. तसं नाही. मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटक्यात एकमेकांपासून दूर झाले की आतला दाब पडतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडतानाही हेच होतं. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोट मोडत असतानाच एमआरआय करून ती पोकळी तयार होताना टिपली. तोच सांधा लगेच परत वाजत नाही, त्याला साधारण वीस मिनिटं लागतात, तेही यामुळंच. म्हणजे आवाज झाला म्हणून काही बसलं नाही आणि आवाज झाला नाही म्हणून उपचार फुकट गेला असंही नाही. शिवाय काही ठिकाणी टेबलाचा एक भाग झटक्यात खाली पडेल अशी सोय असते, तो 'धाडकन्' आवाज टेबलाचा. काही जण स्प्रिंगचं छोटं यंत्र लावतात, ती 'टिक' यंत्राची. व्हिडिओवाले तर कॉलरला माइक लावतात.

मग बरं का वाटतं? झटक्यामुळं सांध्याभोवतालचे आखडलेले स्नायू थोडा वेळ सैल होतात, मेंदूकडे जाणारी दुखण्याची वर्दी काही काळ मंदावते, आणि "आपली कंबर हलवली तरी मोडत नाही" हा भरवसा येतो. या तिसऱ्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त किंमत देते. तीन महिने कंबरेला जपून-जपून वागणारा माणूस आतून घाबरलेला असतो आणि घाबरलेले स्नायू सुटत नाहीत. पण हा आराम काही तासांचा, फार तर काही दिवसांचा असतो. त्या मोकळ्या वेळात तुम्ही चाललात, व्यायाम केलात, बसण्याची पद्धत बदललीत, तर तो टिकतो. नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच टेबल.

अभ्यास काय सांगतात तेही बघा, कारण दोन्हीकडून अतिरेकी दावे होतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ मध्ये कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी करण्याच्या उपायांत शेक, मसाज यांच्या सोबत मणक्यांवरचा हाताचा उपचारही ठेवला. ब्रिटनमध्ये कुठले उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या नाइस या संस्थेनं २०१६ मध्ये त्याला मान्यता दिली, पण एका अटीवर: सोबत व्यायाम हवाच, एकटा नको. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिलं, त्यातही हा उपचार आहे, व्यायाम आणि समजावून सांगण्याच्या जोडीनं. त्याच मार्गदर्शनात कमरेचा पट्टा आणि वजन लावणं, म्हणजे ट्रॅक्शन, हे सरसकट वापरू नका असंही म्हटलंय. हे वाचून आमच्याच व्यवसायातले पुष्कळ जण नाराज होतील. कोल्हापुरात कंबर दुखली की पहिल्या दिवशी पट्टा आणि दुसऱ्या दिवसापासून वजन, ही रीतच पडून गेलीय. चार-चार वर्षं पट्टा बांधून शिरोलीच्या फौंड्रीत उभी राहणारी माणसं मी बघते. पट्टा काढला की त्यांना कंबर गळून पडेल असं वाटतं.

थोडक्यात, हाताच्या उपचाराचा फायदा खरा आहे, पण माफक आहे. चांगल्या व्यायामाच्या तोडीचा, जादूचा नाही.

आता पहिली भेट. तुम्ही दारातून आत गेल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं कुणी तुम्हाला मोडू नये, हीच चांगल्या दवाखान्याची ओळख. त्या वेळात प्रश्न व्हायला हवेत. दुखणं कधी सुरू झालं, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, रात्री झोपेतून उठवतं का. खोकताना-शिंकताना पायात कळ जाते का. याआधी कॅन्सर, टीबी, अपघात झालाय का. वजन आपोआप उतरलंय का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, रात्री घाम फुटतो का. आपल्याकडे हे शेवटचे प्रश्न विचारावेच लागतात, कारण मणक्याचा टीबी अजून आपल्यात आहे आणि सुरुवातीला तो नुसत्या पाठदुखीसारखाच दिसतो. पोखरलेल्या मणक्यावर कुणी झटका दिला तर मणका ढासळून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो.

औषधांबद्दलही विचारायला हवं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड घेतलंय का. इथं एक खास चौकशी मी करते: "सांधेदुखीसाठी कुठून पुड्या आणता का?" बिननावाच्या त्या पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं ते पोटात गेलं की हाडं ठिसूळ होतात. पेशंटला कल्पनाच नसते, कारण त्याच्या लेखी ते 'गावठी औषध' असतं. तुम्ही घेत असाल तर विचारायची वाट न बघता सांगा.

लघवी-शौचाबद्दल विचारलं तर लाजू नका. जांघेत किंवा शौचाच्या जागेभोवती बधिर वाटणं, लघवी तुंबणं किंवा कळत न होणं, दोन्ही पायांत एकदम कळ किंवा अशक्तपणा येणं, यांपैकी काहीही सुरू झालं तर तो त्याच दिवशी हॉस्पिटलात जायचा प्रकार आहे. कोल्हापूरचं सरकारी सीपीआर असो वा खासगी, रात्र असली तरी जा. कमरेतल्या नसांचा अख्खा जुडगा दाबला जात असतो आणि तिथं तासांचा हिशेब असतो. उद्या सकाळी बघू, म्हणायचं नाही.

प्रश्नांनंतर तपासणी. उभं करून वाकायला लावतील, पुढं, मागं, बाजूला. टाचांवर आणि चवड्यांवर चालवतील. झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलतील आणि कुठल्या कोनात पोटरीत कळ येते ते बघतील. गुडघ्यावर आणि टाचेमागच्या शिरेवर छोटी हातोडी मारून झटका येतो का पाहतील, पायाला कापूस किंवा टाचणी लावून दोन्हीकडे सारखं कळतं का विचारतील, अंगठ्याला विरोध करून ताकद बघतील. हे सगळं दहा-बारा मिनिटांत होतं आणि यातलं काहीच न करता नुसता एमआरआय उजेडाला धरून "गादी सरकलीया" म्हणून टेबलावर चढा म्हटलं, तर उठून या. पैसे भरले असतील तरी उठून या.

एमआरआयचं एवढं मनाला लावून घेऊ नका. काहीही न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त माणसांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २० वर्षांच्या माणसांत ३० टक्क्यांची आणि ४० वर्षांच्या माणसांत ५० टक्क्यांची गादी फुगलेली होती. तुमच्या वयाच्या शेजाऱ्याचा एमआरआय काढला तर त्यालाही बहुधा असलाच कागद मिळेल, आणि तो आरामात ऊस तोडत असेल. वयानं केस पांढरे व्हावेत तसं यातलं बरंचसं आहे. शिवाय गादीचा बाहेर आलेला भाग पुष्कळांमध्ये शरीर आपोआप जिरवतं. पायातली कळ बहुतेकांची काही आठवडे ते दोन-चार महिन्यांत उतरते, तुमचे तीन महिने त्या हिशेबात अजून बसतात. म्हणूनच अंगठ्याची ताकद ठीक असेल तर ऑपरेशनची भीती घालणाऱ्याचं आणि एका झटक्यात गादी आत ढकलतो म्हणणाऱ्याचं, दोघांचंही ऐकायची घाई नाही. गादी हातानं आत ढकलता येत नाही. तिच्यापर्यंत कुणाचा हात पोहोचतच नाही.

काही ठिकाणी आल्या आल्या सगळ्यांचा एक्स-रे काढतात आणि पडद्यावर रेषा मारून "बघा, कर्व्ह सरळ झालाय, एक पाय आखूड आहे" असं दाखवतात. पायांत थोडा फरक असणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि झोपवून टाचा जुळवून बघितलं तर हात कसा धरलाय त्यावरही तो फरक दिसतो किंवा नाहीसा होतो. एक्स-रे लागतो तो पडल्यावर, हाड ठिसूळ असल्याची शंका असल्यावर, ताप-वजनाची भानगड असल्यावर.

कपडे सैल घालून जा. जीन्स नको, ट्रॅकपँट किंवा पायजमा बरा. बायकांनी साडीऐवजी सलवार-कमीज घातली तर कुशीवर झोपवून गुडघा वर घेताना अवघडल्यासारखं होत नाही. पुरुष थेरपिस्ट असेल तर खोलीत बाईमाणूस असावं अशी मागणी करायला संकोच करू नका. टम्म जेवून जाऊ नका, उपाशीही जाऊ नका.

तपासणीनंतर त्यांनी तुम्हाला सांगायला हवं की त्यांना काय वाटतंय, काय करणार आहेत, दुसरे पर्याय कोणते आणि धोका काय. मग तुमची संमती, शक्यतो लेखी. कमरेसाठी नेहमीची पद्धत अशी: तुम्हाला कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा छातीकडे घेतात, खांदा हलकासा मागे वळवतात, सांधा त्याच्या टोकापर्यंत नेऊन थांबतात आणि मग अगदी छोटा, झपकन् झटका देतात. ताकद फार लागत नाही, वेग लागतो. त्या क्षणी तुम्ही अंग चोरलंत तर तो नीट होत नाही. पायात कळ असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी हा झटका द्यावा असं माझं मत नाही. आधी हळूहळू, तालात दाब देऊन सांधा हलवणं, किंवा कंबरेचा भाग वेगळा हलणाऱ्या टेबलावर पालथं झोपवून सावकाश ताण देणं, यावर पाय काय उत्तर देतो ते बघावं.

हे 'पायाचं उत्तर' कसं ओळखायचं ते शिकून ठेवा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांनी ते सगळ्यांच्या नजरेला आणून दिलं. कळ पोटरीतून वर सरकत मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, कुल्ल्यातून कमरेत आली, तर कंबर आधीपेक्षा जास्त दुखली तरी गाडी बरोबर दिशेनं आहे. उलट कंबर हलकी वाटतेय पण कळ पोटरीखालून पावलात उतरली, तर तो उपचार किंवा तो व्यायाम तिथंच थांबवा. पुष्कळ पेशंट नेमकं उलटं समजतात. कंबर मोकळी झाली म्हणून खूश होतात आणि पाऊल बधिर झालंय हे सांगायचं विसरतात.

दुखतं का? झटक्याच्या क्षणी फारसं नाही, दचकायला होतं. नंतर मात्र अर्ध्याच्या आसपास लोकांना अंग ठणकणं, थकवा, थोडं डोकं दुखणं असं होतं आणि ते एक-दोन दिवसांत जातं. तेवढा वेळ ऊसाची मोळी उचलू नका आणि हुपरीहून मोटारसायकलनं आला असाल तर येताना जरा सावकाश. दोन दिवसांनंतरही दुखणं वाढत असेल तर फोन करा, आणि फोन उचलला जात नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

आता किती वेळा. माझा साधा नियम असा की पहिल्या चार ते सहा भेटींत, साधारण तीन-चार आठवड्यांत, काहीतरी मोजता येण्यासारखं बदललं पाहिजे: किती वेळ बसता येतं, किती लांब चालता येतं, रात्री किती वेळा जाग येते. तुमच्या बाबतीत मी विचारेन, कळ यायच्या आधी सलग किती पैंजण जोडता? आकडा वाढला नाही तर उपचार बदलायचा किंवा दुसऱ्याकडे पाठवायचं. पहिल्याच दिवशी ३०-४० बैठकींचं पॅकेज आगाऊ पैसे घेऊन गळ्यात घालणाऱ्याला तुमच्या कंबरेचं पुढं काय होणार हे माहीत असणं शक्य नाही. आणि बरं झाल्यावरही 'मेंटेनन्स'साठी दरमहा या, याचीही सक्ती नको.

तुमचं काम बघता खरा उपचार टेबलाच्या बाहेर आहे. तासन् तास मांडी घालून पुढं झुकून बसण्यात कंबर गोलाकार राहते आणि गादीवर मागच्या बाजूनं सतत ताण पडतो. बैठकीखाली चार-पाच इंच उंचीचा पाट किंवा घट्ट उशी घ्या म्हणजे गुडघे कुल्ल्यांपेक्षा खाली जातील. काम डोळ्यांजवळ आणा, डोळे कामाकडे नेऊ नका. दर अर्ध्या तासानं उठा, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागं वाका, आणि त्यानं कळ पावलाकडे उतरत नाही ना ते बघा. कारखान्यात सगळे हसतील, हसू देत. रोज अर्धा तास चाला. कोल्हापूरकरांना रंकाळा तलाव आहे, तुम्हाला शेताचा बांध चालेल. पडून राहणं हा उपचार नाही.

मामांच्या वस्तादांबद्दल. कोल्हापुरात हे टाळता येत नाही आणि टाळूही नये. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींच्या गावात लचकलेला पाय, आखडलेली पाठ वस्तादांनी रगडून सोडवायची ही फार जुनी चाल आहे आणि साध्या उसणीत त्या हातांनी आराम पडतो, यात शंका नाही. पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घेणारेही अजून आहेत. आराम पडतो, कारण उसण बहुतेकदा आठ-दहा दिवसांत स्वतःहूनच सुटायची असते. मात्र तो हात रोज आखाड्यात घुमणाऱ्या विशीतल्या पैलवानाच्या अंगाला सरावलेला असतो. पायात कळ उतरलेल्या माणसाच्या नसा, शुगर असलेल्याचं बधिर पाऊल, पाळी गेलेल्या बाईची हाडं, हे त्याच्या अनुभवाच्या बाहेरचं असतं. अंग रगडून घ्या, पाठीवर उभं राहू देऊ नका आणि मानेला हात लावू देऊ नका.

कुणाकडे जावं हे ओळखणं अवघड आहे, कारण आपल्याकडे कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी स्वतंत्र सरकारी परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शनानुसार पूर्ण कायरोप्रॅक्टर व्हायला चार वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण, किमान ४२०० तास, त्यातले १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटवर, एवढं लागतं. शनिवार-रविवारची शिबिरं करून पाटी लावलेलेही आहेत. तेव्हा तोंडावर विचारा: कुठं शिकलात, किती वर्षांचा अभ्यासक्रम होता, मूळ पदवी कोणती? फिजिओथेरपिस्ट असेल तर महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. चांगला माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही. दवाखान्यात शिरताच कुणी तुमचा व्हिडिओ काढायला मोबाइल रोखला तर मात्र सावध व्हा, कारण मग झटका तुमच्यासाठी दिला जातोय की बघणाऱ्यांसाठी, हे सांगता येत नाही. हनुवटी-डोक्याला वाय आकाराचा पट्टा अडकवून मागून खस्सकन् ओढण्याचा जो प्रकार व्हिडिओंत दिसतो, त्याला मी माझ्या घरच्या कुणालाही हात लावू देणार नाही.

राहिला आईंचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की त्यांची मान आखडते, हातांना मुंग्या येतात, बीपीची गोळी चालू आहे आणि हल्ली चालताना भिंतीचा आधार घेतात. त्यांना त्या फेरीत नेऊ नका. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांपैकी दोन मणक्यांच्या छिद्रांतूनच वर जातात. मानेला जोराचा हिसका बसला तर त्या धमनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं, आणि काही वेळा अस्तर आधीच फाटलेलं असतं, त्याचीच मान दुखत असते म्हणून माणूस उपचाराला आलेला असतो, त्यामुळं दोष नेमका कुणाचा हे ठरवणंही कठीण जातं. पण सलूनमध्ये दाढीनंतर फुकटात मान मोडून देतात, तीही म्हणूनच नको. मानेच्या कुठल्याही उपचारानंतर कधी नव्हे असं डोकं किंवा मान फुटायला लागली, गरगरून उलट्या झाल्या, दोन-दोन दिसू लागलं, जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, तर थेट मोठं हॉस्पिटल.

आईंच्या बाबतीत मला धमनीपेक्षा त्या भिंतीच्या आधाराची जास्त काळजी वाटते. हाताला मुंग्या आणि चालताना तोल जाणं ही जोडी मानेत मज्जारज्जूवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं, आणि तशा मानेवर झटका देणं पूर्ण वर्ज्य आहे. त्यांना विचारा: ब्लाउजची हुकं लावायला, तांदूळ निवडायला अलीकडे अवघड जातंय का? पाय जड किंवा ताठर वाटतात का? उत्तर हो आलं तर याच आठवड्यात मेंदू-मणक्यांच्या सर्जनना किंवा न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, आणि तिथं जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, नुसती चिठ्ठी नको. तुमचा नंबर त्यानंतर लावा. अंगठ्याची तपासणी मात्र त्याआधी जवळच्या कुठल्याही डॉक्टरकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.